दहापट

नफा दिसला आणि त्याने कपाटाचं दार ओढून घेतलं. दहा चाळीसची चहाची सुट्टी होती. कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या दाराआड तोंड घालून तो फोन बघत होता आणि फोनवर हिरव्या अक्षरांत आकडा होता एकोणतीस हजार चारशे. दुसऱ्या कुणी असा आकडा बघून चहा सगळ्यांना पाजला असता. याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि स्वल्पविराम कुठे पडलाय ते पाहिलं. आकडा तोच होता. खरं म्हणजे या घडीला तिथे दोन हजार नऊशे चाळीस असायला हवे होते. भागाकार करायची त्याला गरज पडली नाही. दहापट हा शब्द त्याच्या डोक्यात गेली कित्येक वर्षं मुक्कामालाच होता. त्याने कपाटाचं दार आणखी थोडं ओढून घेतलं, जणू कुणी मागून बघत होतं. मागे फक्त मोठ्या बाई होत्या आणि त्या आपल्या सपाता शोधत होत्या.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डांसाठी औषधं तयार करणाऱ्या खोलीत तो एकवीस वर्षं काम करत होता. मोठ्या माणसाला गोळी म्हणजे गोळी. लहान पोराला मात्र वजनावर औषध, किलोला इतके मिलिग्रॅम, आणि मग त्याचे मिलिलिटर, आणि मग ते पिचकारीत. त्या तीन पायऱ्यांत एक टिंब इकडचं तिकडे झालं की खेळ खलास. म्हणून त्याचा नियम होता की टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच आणि टिंबाच्या नंतर उगाच शून्य लिहायचं नाही. अर्ध्याला ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही. पाचाला ५ लिहायचं, ५.० नाही. हा नियम काही त्याने शोधलेला नव्हता, पण नव्या नव्या परिचारिकांच्या चिठ्ठ्या त्याने एवढ्या वेळा परत पाठवल्या होत्या की त्याचं नाव काटेसाहेब पडलं. निम्म्या लोकांना ते आडनावच वाटे. एकदा तर पगाराच्या पाकिटावर तसं छापून आलं होतं आणि त्याने ते पाकीट, आकडा बरोबर असूनही, परत पाठवलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "अहो, नाव चुकलंय, पैसे नाही ना? घ्या की." मोठ्या बाई म्हणजे त्याच्या जोडीदार. एकाने पिचकारी भरायची, दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडून बघायची आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही वर जायचं नाही.

फोनमध्ये जे चाललं होतं त्याला घरात मुनीम म्हणत. ते नाव बायकोने ठेवलेलं. चलनाच्या बाजारात आपोआप सौदे करणारा एक प्रोग्रॅम त्याने तीन वर्षं खपून स्वतः बसवला होता. भाव अमुक तऱ्हेने हलला की मुनीम सौदा घेई, तमुक ठिकाणी सोडे, आणि याने फक्त बघायचं. बाकीचे लोक भाव वर जाणार की खाली यावर डोकं फोडतात. त्याला त्यात फारसा रस नव्हता. त्याला गोडी होती ती माल किती घ्यायचा याची. त्या बाजारात माल लॉटवर मोजतात, एक लॉट म्हणजे परक्या चलनाचे एक लाख नग, आणि त्याच्यासारखी बेताची माणसं लॉटचे शंभर तुकडे करून त्यातले थोडे उचलतात. किती उचलायचे? तर आपण चुकलोच तर खात्यातला शंभरावा भाग जाईल, त्याच्यावर एक पैसा नाही, एवढेच. खात्याचं वजन बघायचं, त्यावर डोस काढायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला आपल्या गावचं माणूस परमुलखात भेटावं तसा आनंद झाला होता.

आणि आता मुनीमने ०.४२ लॉटच्या जागी ४.२० लॉट उचलले होते. कपाटात तोंड घालून तो ते तीन अंक पुन्हा पुन्हा वाचत होता. ४.२०. टिंबाच्या नंतरचं ते शेवटचं शून्य, जे त्याने उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं. कुठे चुकलं हे शोधायलाही त्याला वेळ लागला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटली. शनिवारी दुपारी त्याने खातं एका कंपनीतून दुसरीत हलवलं होतं. जुनी कंपनी भाव पाच दशांश घरांपर्यंत दाखवी, नवी चारच घरं दाखवी. म्हणजे जुन्या भावाच्या लहान लहान दहा पायऱ्या मिळून नव्या भावाची एक पायरी. हे त्याच्या लक्षात आलं होतं. आलं नसतं तर तो काटेसाहेब कसला? दोनशे पायऱ्या उलट गेलं की माघार घे असं मुनीमला सांगितलेलं होतं, ते पुसून त्याने वीस केलं, तीनदा तपासलं आणि समाधानाने कलिंगड कापायला बसला. पण एका पायरीला किती पैसे जातात हा आकडा खाली, वेगळ्या ओळीत होता. पायरी दहापट मोठी झाली तर तिचे पैसेही दहापट व्हायला हवेत. ती ओळ तशीच राहिली. मुनीम बिचारा काय करणार? त्याने बघितलं की वीसच पायऱ्या आहेत, पायरीही स्वस्त आहे, तर भरपूर घेऊया. एक ओळ बदलून दुसरी विसरणं ही आळशी माणसाची चूक नव्हेच. आळशी माणसाने काहीच बदललं नसतं. आणि तीनदा तपासलं म्हणजे काय, तर त्याच त्या डोळ्यांनी तीनदा. मुनीमच्या बाजूला मोठ्या बाई नव्हत्या.

सौदा बंद करायला एक बोट पुरे होतं. त्याने बोट वर नेलं. वॉर्डाला तो स्वतः किती वेळा सांगत आला होता की चूक कळली की थांबवा, पोराला काही होतंय का ते बघत बसू नका, आधी सलाईन बंद, मग बोलू. बोट वरच राहिलं. आकडा बदलून तेहतीस हजार सहाशे झाला. एका पायरीला चार हजार दोनशे. त्याच्या मनात एक अगदी साळसूद विचार आला की चूक तर झालीच आहे, आता ती पाच मिनिटांपूर्वीची काय आणि पाच मिनिटांनंतरची काय. तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "चला काटेसाहेब, सात पिचकाऱ्या आहेत आणि वरून दोनदा फोन आलाय," आणि त्याने फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि हात धुवायला गेला. नंतर त्याला हे नीट आठवलं. बाईंनी बोलावलं म्हणून बंद करायचं राहून गेलं, असं स्वतःला सांगायची सोय नव्हती. त्यांचं वाक्य चालू होतं तेवढ्या वेळात बोट दहादा खाली आलं असतं.

औषधं बनवायच्या खोलीत एकदा गेलं की गेलं. टोपी, मुखपट्टी, अंगरखा, दुहेरी हातमोजे. सातही पिचकाऱ्या होईपर्यंत बाहेर येता येत नाही, आलं तर सगळं पहिल्यापासून. हवा गाळणाऱ्या यंत्राची घरघर कानात भरून राहते आणि काचेमागे हात घालून बसलेल्या माणसाला स्वतःचा श्वास मुखपट्टीत गरम गरम परत येत राहतो. एरवी ही घरघर त्याला फार आवडे. घरी सासरे आले आणि राजकारण सुरू झालं की त्याला या खोलीची आठवण येई. आज ती घरघर सहन होईना. भाव आत्ता कुठे असेल? वीस पायऱ्या उलट गेला की मुनीम आपणहून बाहेर पडणार, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार जाणार. खात्यात आठ लाख चाळीस हजार होते आणि त्यातले पाच लाख थोरल्या बहिणीचे, ताईचे. घाम कपाळावरून भुवईत आला आणि पुसता येईना. मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, "अकरा किलो," तो म्हणाला "अकरा," त्यांनी मिलिलिटर वाचले, त्याने दट्ट्या ओढला, रेघ डोळ्यांच्या पातळीला आणली. हात कापत नव्हता. त्याला त्याचं आश्चर्य वाटलं आणि थोडी भीतीही. माणसाच्या आत एवढं चाललेलं असताना हात असा शहाण्यासारखा वागतो, मग हातावरून काय कळणार? मोठ्या बाई त्याच्या हातावर विश्वास ठेवून होत्या. सगळा तळमजला ठेवून होता.

हात तेव्हाही कापला नव्हता. एकोणीस वर्षं झाली त्याला. नोकरीला दोन वर्षं होत आली होती, अजून कुणी काटेसाहेब म्हणत नव्हतं, आणि दुहेरी सह्यांची पद्धतही तेव्हा नव्हती, एकाने भरायचं आणि पाठवायचं. चार वर्षांची मुलगी, पायाला भाजलेलं, दुखणं थांबवायचं थेंबाचं औषध. ०.४ मिलिलिटर द्यायचं होतं. त्याने ४ भरलं. चिठ्ठीवर टिंबाआधीचं शून्य नव्हतं, टिंब पेनाच्या डागासारखं होतं, हे सगळं खरं, पण चौदा-पंधरा किलोच्या पोराला चार मिलिलिटर होत नाही हे त्याला पाठ होतं आणि तरीही हात सरळ ओढत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली मोजताना कमी भरली तेव्हा त्याला कळलं. जिना तो दोन दोन पायऱ्या टाकत चढला. वॉर्डात मुलगी झोपलेली होती. छाती वरखाली होत होती, ओठ लाल होते. आईने त्याचा पांढरा कोट बघून त्याचे हात धरले आणि म्हणाली, "काय औषध दिलंत हो तुम्ही, आठ दिवसांत पहिल्यांदा शांत झोपलीये पोर." तिचे हात गरम होते. तो उभा राहिला, मुलीचे श्वास मोजत. मुलगी सोळा तास झोपली, उठली, दूध मागितलं. तो खाली आला आणि साठ्याच्या वहीत त्या बाटलीसमोर एक शब्द लिहिला, सांडलं. कुणी विचारलं नाही. कुणी कधीच विचारलं नाही. त्यानंतर तो जो काटेकोर झाला तो त्याचं आडनाव बदलेपर्यंत.

ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. कित्येक वर्षं ते डोक्यात वर येई तेव्हा मुलीचा चेहरा येत नसे, आईचे हात येत. चूक केली आणि वर आभार पदरात पडले. शिक्षा झाली असती तर ती भोगून मोकळा झाला असता, हे त्याला पक्कं वाटे, आणि त्याच वेळी शिक्षा झाली नाही याचं बरंही वाटे. सातवी पिचकारी संपली. मोठ्या बाई म्हणाल्या, "आज गप्प गप्प?" तो म्हणाला, "डोकं दुखतंय," आणि हातमोजे ओढून काढले.

पावणेबारा. उणे एकवीस हजार, लाल अक्षरांत. गंमत अशी की त्याला हायसं वाटलं. असं असेल तर सोपं आहे, चूक झाली, फटका बसला, बंद करू, ताईचा वाटा आपल्या खिशातून भरू. पण आता बंद करायला बोट तयार होईना ते वेगळ्याच कारणाने. सकाळी तेहतीस हजार असताना सोडलं नाही आणि आता एकवीस हजार घालवून सोडायचं? मघाशी लोभ होता, आता कमीपणा. दोन्हींचं म्हणणं एकच, थांब जरा. त्याने विसरलेल्या ओळीत दुरुस्ती केली, पुढचा सौदा तरी बरोबर मापाचा होईल याची खात्री केली, आणि चाललेला सौदा तसाच चालू ठेवला. जणू औषधाची बाटली नीट लेबल लावून ठेवली आणि पोराच्या हातातली सुई राहू दिली.

एक वाजता तो डबा उघडून बसला तेव्हा ताईचा फोन आला. फोनच्या वरच्या कोपऱ्यात एकोणऐंशी हजार आठशे दिसत होते, हिरवे.

"अरे, बघतोयस का?" ताईचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. "मी सकाळपासून दुसरं काही केलेलं नाही. ऐंशी हजार! मधे लाल झालं तेव्हा माझा जीव नुसता वरखाली, पण म्हटलं आपण कशाला मधे बोला, त्याने विचार करूनच घेतलं असेल."

नवी कंपनी खात्याकडे नुसतं बघायचा वेगळा पासवर्ड देई. त्या एका गोष्टीसाठी तर त्याने खातं हलवलं होतं. ताईचे पैसे आहेत, ताईला दिसलं पाहिजे, सगळं कसं स्वच्छ. ताई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटरची आकडेवारी तपासायची, एकतीस वर्षं, आणि या महिनाअखेरीला निवृत्त होत होती. नवरा केव्हाच सोडून गेलेला, मूल नाही, गुडघे दोन्ही गेलेले. तिला आकड्यांची भीती नव्हती. लहानपणी याचा पाढा चुकला की तीच टपली मारायची.

"ऐक," ती म्हणाली, "मी इथे अर्ज घेऊन बसलेय. एकरकमी की दरमहा, ते लिहून द्यायचंय. मी एकरकमी लिहिते. बावीस लाख येतील. ते सगळे तुझ्याकडे टाकते आणि तू मला महिन्याला दे काय असेल ते. त्यांच्या दरमहात काय होतंय माझं? औषधपाणी नि वीजबिल."

"थांब जरा," तो म्हणाला.

"का रे?"

"संध्याकाळी बोलू ना निवांत."

"अरे, संध्याकाळी कसं? चारला साहेब अर्ज पुढे पाठवतो, मग देव आला तरी बदलत नाही." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुला नको असेल तर सांग हो. जबाबदारी वाटत असेल. पण तुझ्याइतका नेमका माणूस मी तरी बघितला नाही."

त्याने घास तसाच धरून ठेवला होता. आत्ता सांगायचं, ताई, हे नेमकं नाहीये, हे चुकून झालंय. वाक्य तयार होतं. पण ताईने आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी विचारलं होतं. घर कुठलं घ्यायचं, वडिलांना कुठे ठेवायचं, याने कुठली मुलगी बघायची, सगळं तीच ठरवत आली आणि हा मान हलवत आला. आज ती अर्ज हातात धरून याच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते फार गोड लागत होतं. तो म्हणाला, "बाई बोलावतायत, तुला करतो फोन." बाई खरंच दारात उभ्या होत्या, पण त्या हात वाळवत होत्या.

दुपारच्या पिचकाऱ्या पाचच होत्या. त्या करताना त्याच्या लक्षात आलं की आपण मनात काहीतरी हिशेब करतोय. बावीस लाख, त्यात मूळचे आठ चाळीस, तीस लाख चाळीस हजार. त्याचा शंभरावा भाग तीस हजार चारशे, वीस पायऱ्या, म्हणजे एक लॉट आणि वर बावन्न शतांश. हे झालं बरोबर माप. पण डोकं तिथे थांबलं नव्हतं. ते पुढे गेलं होतं. आजच्या सकाळच्या मापाने किती? पंधरा लॉट आणि वीस. आजच्यासारख्या एकोणीस पायऱ्या मिळाल्या तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार आठशे, एका दिवसात. आणि अगदी दहापट नको, पाचपट धरू, पाचपट म्हणजे काही फार नाही. हे तो स्वतः म्हणत होता, हातमोज्यात पिचकारी धरून, शांतपणे, समंजस माणसाच्या आवाजात. त्याच्या पाठीवरून घामाचा ओहोळ सरळ खाली गेला. सकाळची चूक ओळीत होती, ती त्याने पुसली. ही आता ओळीत नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "ही पुन्हा वाचा."

"वाचली की. सव्वादोन."

"पुन्हा वाचा. आणि पिचकारी हातात घेऊन बघा, माझ्या हातात नको."

मोठ्या बाईंनी मुखपट्टीवरून त्याच्याकडे पाहिलं, पिचकारी घेतली, उजेडासमोर धरली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बरं नाहीये का?" तो म्हणाला, "नाही." हे खरं होतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी तो जिन्यात आला. जिन्यात फिनेलचा वास होता आणि वरच्या मजल्यावर कुठलं तरी मूल एकसुरी रडत होतं. फोनवर ब्याण्णव हजार चारशे होते. त्याने सौदा बंद केला. इतका वेळ जे बोट जड झालं होतं त्याला आता काही वाटलं नाही. सौदा बंद झाल्यावर पैसे गोठले, हिरवी अक्षरं काळी झाली, आणि त्याने ताईला फोन लावला.

"दिसलं, दिसलं!" ती ओरडली. मागे कुणी तरी हसलं, तिने तिथे सगळ्यांना सांगितलं असणार. "ब्याण्णव हजार! अरे, मी इथे पेढ्यांची—"

"ताई, ती चूक होती."

"कसली?"

त्याने सांगितलं. पायऱ्या, घरं, एक ओळ बदलली, एक राहिली, शंभरावा भाग लावायचा तिथे दहावा लागला. ताईला सगळं कळलं, ती काही कच्ची नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे दहापट माल घेतला गेला."

"हो."

"मग बरंच झालं की रे!" ती हसायला लागली. "अशीच चूक करत जा दर सोमवारी."

"उलट गेलं असतं तर चौऱ्याऐंशी हजार गेले असते. एका सकाळीत."

"गेले का पण?"

"गेले असते, ताई. सकाळी उणे झालं होतं ते तू बघितलंस ना?"

"आणि परत आलं तेही बघितलं. बरं, आता दुरुस्त केलंस का ते?"

"केलं."

"मग झालं तर. माणसाच्या हातून होतं एखाद वेळेला. तू लगेच धरलंस, दुसऱ्याला कळलंसुद्धा नसतं. हे बघ, चूक झाली असती तर नुकसान झालं असतं. नुकसान नाही तर कसली चूक?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन एकतीस झाले होते. तो जिन्याच्या पायरीवर बसला. पांढऱ्या कोटात कधी जमिनीवर बसायचं नाही हाही त्याचाच नियम. त्याच्याकडे जेवढं होतं तेवढं त्याचं सांगून झालं होतं आणि ते ताईच्या अंगाला लागलंच नाही. उलट नफ्यासारखंच तिने तेही त्याच्या नावावर मांडलं. असा प्रामाणिक, असा नेमका. ती अर्जावर लिहिणार, पैसे येणार, आणि एक दिवस जिन्यात किंवा कपाटाच्या दाराआड तो समंजस आवाज म्हणणार की पाचपट म्हणजे काही फार नाही.

"ताई, आमच्याकडे एक जण होता," तो म्हणाला. "औषध भरायचा. चार वर्षांच्या मुलीला त्याने दहापट डोस भरून दिला. झोपेचं, दुखण्याचं असतं ते."

"अगं बाई."

"मुलीला काही झालं नाही. छान झोपली. आईने त्याचे हात धरून आभार मानले. त्याने वहीत लिहिलं की औषध सांडलं. संपलं. कुणालाच कळलं नाही."

"वाचली ना पोर? नशीब म्हणायचं." ताईने च्च केलं. "पण तसल्या माणसाला काढून टाकलं पाहिजे हो. सांगायला नको का त्याने? उद्या दुसऱ्या कुणाचं—"

"तो मी, ताई."

वरचं रडणारं मूल थांबलं होतं. फोनमध्ये पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातला पंखा ऐकू येत होता, कुणी तरी शिक्का मारत होतं.

"तू?"

"मी. एकोणीस वर्षं झाली. आज सकाळीसुद्धा मला दहा चाळीसला कळलं होतं. बंद केलं आत्ता. मधे मी बघत बसलो होतो. तू एकला फोन केलास तेव्हाही मला माहीत होतं, आणि बोललो नाही. लगेच वगैरे काही धरलं नाही मी. तू दरमहाच लिही. आणि तुझे पाच लाख मी उद्या परत पाठवतो."

त्याला वाटलं होतं की आता ती भांडेल. काहीतरी काय बोलतोस, म्हणेल, तू असं करणारच नाहीस, डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या, जेवलास का? तिचा तो टपली मारायचा आवाज येईल आणि तिला पटवता पटवता याच्या नाकी नऊ येतील. तीन बत्तीस झाले होते, वेळ होता, त्याची तयारी होती. पण ताईने फोन तोंडापासून लांब धरला आणि तिकडे म्हणाली, "अहो, दरमहाच करा. हो, नक्की. एकरकमी नको." लेखणी कागदावर ओढल्याचा आवाज आला. एवढंच. ताईने ऐकलं आणि ते तिला खरं वाटलं. बावीस लाख वाचले होते, त्याला मोकळं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण तिने निदान एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं.

"ताई?"

"आहे मी."

तिकडे खुर्ची सरकली, पंख्याचा आवाज मागे पडला, दार लागलं. ती बाहेर मोकळ्यात आली असावी.

"एक विचारू?" ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी साधा होता, मीटर तपासताना असेल तसा. "बाबा शेवटी तुझ्याकडे होते ना, दोन वर्षं. त्यांची औषधं कोण काढून द्यायचं रे?"

गोळ्या तो ब्लेडने कापायचा. अर्धी म्हणजे अर्धी, कपची उडाली तर ती फेकून दुसरी घ्यायचा. सकाळची, दुपारची, झोपतानाची, वेगळ्या डब्या, वर तारीख. पातळ औषध चमच्याने कधी दिलं नाही, पिचकारीनेच. त्या दोन वर्षांत एकही चूक नव्हती, एकही नाही, हे तो कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगू शकला असता. हे सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं, आणि ते मघाशी ज्या आवाजात बाकीचं सांगितलं त्याच आवाजात सांगावं लागणार होतं.

"मीच," तो म्हणाला.

ताईने फोन ठेवला नाही. आणखी काही ऐकायची तयारी करून ती तशीच थांबून राहिली.